चि. समीरास, चित्रान्नाच्या कृतीसह

॥ श्री ॥

बसवनगुडी, बेंगळुरू
२ एप्रिल २०२५

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाइलवर तुझा निरोप आला. त्यात दोनच वाक्ये होती. पहिल्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.४ आल्याचे तू कळवले होतेस आणि दुसऱ्यात, जणू या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नसावा अशा थाटात, मावीनकायी चित्रान्नाची, म्हणजे आपल्या त्या कैरीच्या आंबट भाताची, कृती नीट लिहून पाठव, असे म्हटले होतेस. मी तो निरोप चार वेळा वाचला, दिवा मालवला, तासभर तशीच पडून राहिले आणि पहाटे उठून हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते तर मी रडले तरी असते किंवा रागावले तरी असते, आणि दोन्ही प्रसंगी मोहरीचे प्रमाण सांगायचे राहून गेले असते.

रविवारी युगादीच्या पंगतीत मी चित्रान्न वाढायला आले तेव्हा तू पानावर हात आडवा धरलास आणि ‘भात नको’ म्हणालास. मीनूच्या सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत ‘पुण्याला गेल्यापासून याच्या घशाखाली आमच्या घरचा भात उतरत नाही’ असे मी बोलले आणि तू अर्ध्या जेवणावरून उठलास. ते माझे चुकले. तुझ्या बॅगेत तो तपासणीचा कागद आहे आणि सणाच्या दिवशी तो बाहेर काढायचा नाही असे तू ठरवून आला आहेस, हे मला कसे कळावे? पाहा, चुकले म्हणता म्हणता मी पुन्हा माझीच बाजू मांडू लागले. असो.

या पत्रात कृतीच लिहायची असे मी ठरवले आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच लिहून टाकते, म्हणजे ती मधे मधे डोके वर काढणार नाही: घरात अनवाणी फिरू नकोस, आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय उजेडात धरून बघत जा. झाले. आता कैरीकडे वळते.

चित्रान्नाचे सगळे यश कैरीत आहे, आणि कैरी निवडण्यातच बहुतेकांची फसगत होते. इथे गांधी बाजारात गाड्यांवर तिखटमीठ लावून जी फाकांची कैरी विकतात, जिच्यासाठी शाळेतून येताना तू माझा पदर ओढायचास, ती तोतापुरी. तिच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक असतो म्हणून इकडे तिला गिणिमूति म्हणतात. ती खायला उत्तम असली तरी चित्रान्नाला उपयोगाची नाही, कारण ती कच्ची असतानाही तिच्यात किंचित गोडसरपणा असतो आणि भातात मिसळल्यावर तिचा आंबटपणा अगदीच मवाळ होऊन जातो. तुला हवी ती लोणच्याची कैरी. मंडईत गेलास तर तशीच माग. हातात घेतल्यावर दगडासारखी टणक लागली पाहिजे आणि कापल्यावर आतून पांढरट हिरवी दिसली पाहिजे. आत पिवळी झाक आली असेल तर ती परत ठेव. कैरी पाडाला लागली की तिच्यातले आम्ल उतरू लागते आणि पिष्टाची साखर होऊ लागते, म्हणजे चवीच्या दृष्टीने ती गेली आणि आता तुझ्या दृष्टीनेही गेलीच म्हणायची. देठाकडचा भाग कापून ती अर्धा तास पाण्यात ठेव, म्हणजे चीक निघून जाईल. मग साल काढून किसून घे आणि त्या किसाची चिमूट जिभेवर ठेवून बघ. डोळा मिटला गेला तर एक वाटी तांदळाच्या भाताला पाऊण वाटी कीस पुरतो, नाही मिटला तर पूर्ण वाटी घे. आंबटपणाचे माप वाटीत नसते, जिभेवर असते, हे वरच्या मजल्यावरच्या अज्जींचे म्हणणे होते आणि ते मी बेचाळीस वर्षे पाळत आले आहे.

वरच्या अज्जी तुला आठवतात की नाही कोण जाणे. त्या गेल्या तेव्हा तू चौथीत होतास. मी १९८३ साली लग्न होऊन मिरजेहून मीटर गेजच्या गाडीने इथे आले, तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता आणि कैरीचे म्हणाल तर आंबेडाळ आणि पन्हे यांपलीकडे माझी मजल नव्हती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आईच्या हाताखाली मी परातीभर आंबेडाळ वाटलेली, त्यामुळे कैरी आपल्याला कळते असा माझा समज होता. पहिल्याच युगादीला तुझ्या बाबांनी मोठ्या हौसेने चित्रान्न करायला सांगितले. मी आपला फोडणीचा भात केला, त्यात कैरीचा कीस घातला, कांदा घातला आणि आपल्याकडच्या सवयीने चिमूटभर साखरही घातली. अज्जी नैवेद्याचे ताट द्यायला खाली आल्या, त्यांनी चमच्याने एक घास घेतला आणि शांतपणे ‘इदु चित्रान्न अल्ल’, हे चित्रान्न नव्हे, असे म्हणाल्या. कानडीतले मला कळलेले ते पहिले पूर्ण वाक्य. सणाच्या नैवेद्यात कांदा पाहून त्यांना काय वाटले असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी मला वर बोलावले आणि ओरळुपाशी, म्हणजे त्यांच्या त्या दगडी उखळाच्या वाटणाच्या जागेपाशी, बसवले.

तिथे मला कळले की या चित्रान्नाचा प्राण मोहरीत आहे. फोडणीत तडतडते ती वेगळी. ही कच्ची, वाटणात जाणारी. आपल्याकडे लोणच्याला मोहरी फेसतात ना, तिच्यातून नाकात झणका जातो, तोच झणका इथे हवा असतो, फक्त भाताला सोसेल इतका. एक वाटी तांदळाला एक छोटा चमचा मोहरी घे, आधी ती कोरडीच भरड करून घे, मग तिच्यात अर्धी वाटी खवलेला ओला नारळ, चार सुक्या बेडगी मिरच्या, तेलाच्या थेंबावर परतलेले मेथीचे चार-पाच दाणे, चिमूटभर हळद आणि कैरीचा अर्धा कीस घालून वाट. पाणी घालू नकोस, कैरीचे पाणी सुटते तेवढे पुरते. मिक्सर थांबत थांबत फिरव; भांडे तापले आणि मोहरी जास्त दळली गेली तर वाटण कडू होते, आणि तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही. अज्जींच्या दगडी वरवंट्याला हे भय नव्हते. मेथीचेही तसेच, पाचाचे दहा दाणे झाले की सगळी मेहनत वाया.

मिरची बेडगीच घे. ती हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाने ओळखली जाते, तिचा रंग गडद लाल आणि तिखटपणा बेताचा असतो, त्यामुळे चार-पाच घातल्या तरी भात देखणा होतो आणि तोंड भाजत नाही. गुंटूरची घेतलीस तर दोनच पुरे होतील, पण तो रंग येणार नाही. मी पाव किलो बेडगी पार्सलने पाठवत आहे.

आता भात. या भागावर मी पहाटेपासून अडले आहे. वाटी लिहू की अर्धी वाटी लिहू, असे करत दोन कागद फाडले. तुझे डॉक्टर काय म्हणाले ते तू कळवलेले नाहीस. भात सर्वस्वी बंद करा म्हणाले, की मोजून खा म्हणाले? तुझ्या बाबांना मोजून खा असे सांगितले होते आणि ते मोजण्याचे काम माझ्याकडे होते. मी मोजले नाही. रविवारी चित्रान्न केले की ते दुसऱ्यांदा ताट पुढे करायचे, आणि माणूस इतक्या आवडीने मागतो आहे तर नाही कसे म्हणावे म्हणून मी वाढायची. त्यांना ते आवडे याचा मला अभिमान होता, समीर. मिरजेहून आलेल्या मुलीच्या हातचे चित्रान्न कारखान्यातले कानडी मित्र डब्यातून उचलून खातात, हे ते सगळ्यांना सांगत. त्या कौतुकाची किंमत मी वाढीव डावांनी मोजली की काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यावर मला तुझे उत्तर नको आहे. तू ‘तसे काही नसते आई’ म्हणशील, ते मला माहीत आहे.

तर भाताचे असे कर. मी कृती एक वाटी तांदळाची लिहिते, कारण त्यापेक्षा कमी मापात वाटण मिक्सरच्या पात्याला लागत नाही. एक वाटी तांदळाचा सुमारे तीन वाट्या भात होतो. त्यातला एक वाटी तू खा आणि उरलेला तुझ्या शेजारच्या त्या दोन मुलांना दे. ती नेहमी उपाशीच दिसतात. तांदूळ सोना मसूरी घे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घेऊ नकोस, ते वरणभाताचे राजे आहेत, पण त्यांचा भात मऊ आणि चिकट होतो, आणि चित्रान्नाला शीत न् शीत सुटे हवे. धुऊन वीस मिनिटे निथळत ठेव, दोन वाट्यांना दोन चमचे कमी इतके पाणी घाल आणि शिजल्याबरोबर परातीत पसरून त्यावर चमचाभर तेल सोड. पंख्याखाली ठेव. हात लावू नकोस. गरम भात कालवला की शिते मोडतात आणि आंबट गोळा होतो. पूर्ण गार होऊ दे. गार झालेल्या भातातले थोडे पिष्ट लवकर पचेनासे होते आणि त्यामुळे साखर जरा सावकाश चढते, असे आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले. त्याचा अर्थ दोन वाट्या खाव्यात असा नाही, हेही त्यांनीच सांगितले.

फोडणीला पोहे खायच्या चमच्याने तीन चमचे शेंगदाण्याचे तेल घे. आधी मंद आचेवर मूठभर शेंगदाणे तांबूस होईपर्यंत तळून बाजूला काढ. त्यांना घाई केलीस तर ते बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. कार्तिकात नंदीच्या देवळापाशी कडलेकायी परिषे, म्हणजे शेंगदाण्यांची जत्रा, भरते तेव्हाचे शेंगदाणे मी डब्यात भरून ठेवले आहेत, त्यातलेच पार्सलमध्ये घालते. मग त्याच तेलात मोहरी तडतडू दे, एक एक चमचा हरभरा डाळ आणि उडीद डाळ घालून ती लालसर होऊ दे, हिंग, दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, एक सुकी मिरची मोडून, कढीपत्त्याची एक डहाळी आणि हळद. कढीपत्ता पुसून कोरडा करून घाल, नाहीतर तेल उडते आणि ते नेमके पायावर उडते. तुझ्या बाबांना तर ते उडालेले कळायचेही नाही. मीच ओट्यापाशी त्यांच्या पायावरचे लाल ठिपके बघून विचारायची, ‘हे कधी झाले?’ आणि ते खाली बघून म्हणायचे, ‘कुठे काय?’

मी पायांविषयी लिहिणार नव्हते. पण आता विषय निघालाच आहे तर सांगते, कारण तुला हे पूर्ण कधी कुणी सांगितलेलेच नाही. २००९ सालच्या रामनवमीला ते देवळात गेले होते. दुपारी बाराची वेळ, चैत्रातले ऊन आणि प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या तापलेल्या शिळा. बाकीची माणसे चटके बसून पळत होती आणि तुझे बाबा सावकाश, एकेक पाऊल मोजत, अकरा प्रदक्षिणा घालत होते. मी लांबून बघत होते आणि त्यांच्या श्रद्धेचे मला कौतुक वाटत होते. घरी आल्यावर मीच त्यांना पानक, म्हणजे गुळाचे सरबत, आणि कोसंबरी दिली. दोन दिवसांनी मोजा ओला लागला तेव्हा फोड फुटल्याचे कळले. पुढचे तुला माहीत आहे, निदान बोटाचे माहीत आहे. तुझी बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा होती म्हणून बोट काढल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही तुला सांगितले, आणि तू त्या रात्री जेवला नाहीस. तेव्हा आम्ही लपवले, आता तू लपवलेस. फिटंफाट झाली असे म्हणून आपण दोघांनी हा हिशेब मिटवून टाकावा, असे मला वाटते.

तू चौतीस वर्षांचा आहेस, तुझे दुखणे आताच कळले आहे, तुझे पाय धडधाकट आहेत, हे सगळे मला समजते. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितले. त्यांना मी तीन वेळा विचारले म्हणून शेवटी त्या हसल्या. तरी तू गच्चीवर अनवाणी फेऱ्या मारतोस असे मीनू सांगत होती. चालणे चांगले आहे, रोज चाल, पण बूट घालून चाल, आणि बुटात खडा आहे का ते हात घालून बघ, आणि नखे सरळ काप, कोपऱ्यात खोल काप घेऊ नकोस, आणि गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घे, ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवू नकोस, कारण या दुखण्यात बरे वाटण्याला काही अर्थ नसतो. क्षमा कर. हे भाषण झाले. पण वाक्य खोडून कागद खराब करण्यापेक्षा ते राहू दे.

फोडणी झाली की कैरीचा उरलेला अर्धा कीस तिच्यात घालून दोनच मिनिटे परत. त्याचा लगदा होता कामा नये. दाताखाली थोडा करकरीत लागला पाहिजे. इथे घराघरांत मतभेद आहेत. तुझी आत्या वाटणही फोडणीत घालून कच्चा वास जाईपर्यंत परतते, आणि तिचे चित्रान्न खाणारे लोक तिचे कौतुक करतात, पण माझ्या मते त्यात मोहरीचा जीव जातो. तो झणका आचेवर टिकत नाही. अज्जी गॅस बंद करून, कढई खाली उतरवून मगच वाटण घालायच्या आणि उरलेल्या उष्णतेवर ते हलवायच्या. मी तसेच करते, तूही तसेच कर, आणि आत्याला हे कळवू नकोस. आता मीठ. भात, कैरी आणि नारळ तिघेही मीठ पितात, म्हणून सपाट दीड छोटा चमचा घाल आणि मग चाखून ठरव. कढई कोमट झाली की हे सगळे परातीतल्या गार भातावर घाल आणि हाताने, बोटांच्या टोकांनी, खालून वर असे अलगद कालव. उप्पु, हुळि, खार. मीठ, आंबट, तिखट. अज्जी घास तोंडात घालून ही तीन नावे एकापाठोपाठ एक म्हणायच्या आणि तिन्ही एकदम आठवली तरच मान हलवायच्या. वरून शेंगदाणे घाल आणि अर्धा तास झाकून ठेव. मोहरीला अंगात भिनायला तेवढा वेळ लागतो. कालवल्या कालवल्या खाल्लेस तर ‘आईच्या हातची चव नाही’ म्हणून उगाच खट्टू होशील.

तू लहानपणी एकदा कैरी किसायला बसला होतास. अंगठ्याचे साल किसणीवर गेले, कीस लाल झाला आणि मी तुला स्वयंपाकघरातून बाहेर घालवले. ‘हे तुझे काम नाही’ असे मी म्हणाले होते. मीनूला सगळे येते, कारण तिला कुणी घालवले नाही. आज तुझ्या एकट्याच्या घरी तुला साधी फोडणी विचारावी लागते, यात तुझा दोष नाही, माझा आहे. तरीही तू विचारलेस, बाहेरून मागवून मोकळा झाला नाहीस, आणि आकडा कळवलास तो खराखुरा कळवलास. बाबांनी पहिली चार वर्षे रक्तातल्या साखरेचा आकडा कमी करून सांगितला होता. तुझ्या त्या दोन ओळींनी मला झोप लागू दिली नाही हे खरे, पण त्याच ओळींवर मी सकाळपासून दोनदा मनातल्या मनात शाबासकीही दिली आहे.

चित्रान्न एकटे खाऊ नकोस, म्हणजे नुसते खाऊ नकोस असे म्हणायचे आहे. (एकटाही खाऊ नकोस, पण ते माझ्या हातात नाही.) अर्धे ताट कोसंबरीने भर. कोशिंबिरीचीच ही चुलत बहीण: मूगडाळ तासभर भिजवून निथळून घ्यायची, शिजवायची नाही, त्यात काकडी बारीक चिरून, थोडा नारळ, कोथिंबीर, लिंबू आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. मीठ अगदी वाढताना घाल, नाहीतर काकडीला पाणी सुटते. आधी कोसंबरी खा, मग भात. शिवाय एक वाटी ताक. मी हे रविवारी असेच वाढले असते, जर मला माहीत असते तर. असो, असो.

नारळ घातलेले चित्रान्न या उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही. सकाळी केलेले दुपारपर्यंत संपव, किंवा वाटण तेवढे वेगळ्या डबीत शीतकपाटात ठेव आणि लागेल तसा भात कालव. ते तीन दिवस चांगले राहते. शिजलेला भातही ओट्यावर रात्रभर ठेवू नकोस. कैरी संपली की लिंबाचे चित्रान्न आहेच, मात्र लिंबाचा रस आचेवर घालू नकोस, कडवट होतो. थंडीत आवळ्याचे करतात, तेही किसून, असेच. हेरळेकायीचे, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एका मोठ्या आंबट फळाचे, अज्जी करायच्या, पण ते फळ पुण्यात तुला मिळायचे नाही. मिळाले तर मला कळव, मी स्वतः येईन.

येत्या रविवारी रामनवमी आहे. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर दरवर्षीप्रमाणे गाण्याचे मंडप घातले आहेत. बाबा तिथे मागच्या रांगेत बसत, बूट काढून. मी यंदा जाणार आहे. मीनू सोबत येते म्हणाली आहे. त्या दिवशी दुपारी मी इथे चित्रान्न करणार आहे, तूही तिकडे कर, आणि कालवून झाले की मला फोन कर. मी विचारेन ते तीनच शब्द असतील. त्याखेरीज दुसरे काही विचारणार नाही, असा माझा प्रयत्न राहील.

पार्सल उद्या निघेल. त्यात बेडगी मिरची, शेंगदाणे, मेथीची लहान पुडी (मोजून पाच-पाच दाण्यांच्या दहा पुड्या केल्या आहेत, हसू नकोस) आणि खवायला सोपी पडेल अशी विळी आहे. ती कागदात गुंडाळली आहे, जपून उघड.

तुझी,
आई

ता. क. पार्सलच्या तळाशी घरात घालायच्या मऊ तळव्याच्या चपला आहेत. ओट्यापाशी उभे राहताना घाल. तुझ्या पायाचा नंबर दुकानात आठवेना आणि तुला विचारले असते तर तू नको म्हणाला असतास, म्हणून बाबांचा होता तोच, ८ नंबर, आणला आहे. घट्ट होत असतील तर कळव, दुकानदार आठ दिवसांत बदलून देतो म्हणाला आहे.